फुलातला थेंब, टाकीतलं यीस्ट

हिमाचलातल्या मलाणा गावाभोवती भांगेची झाडं फुलोऱ्यावर आली की माणसं तो फुलोरा दोन्ही तळहातांत धरून चोळत बसतात. तासन्‌तास चोळल्यावर तळव्यांवर काळपट, चिकट थर साचतो. तो खरवडून त्याची गोळी वळली की झाला चरस. हाताला चिकटलेलं हे द्रव्य मुळात कुठे असतं ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. मादी फुलाला वेढणाऱ्या इवल्या पानांवर बारीक देठ उभे दिसतात आणि प्रत्येक देठाच्या टोकावर एक पारदर्शक गोळा. गोळ्याचा व्यास साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. तळाशी पेशींची एक चकती, आणि तिच्या वर पातळ पापुद्र्याखाली राळेने भरलेली पोकळी. पापुद्रा फुटला की थेंब बाहेर येतो. गांजा, चरस आणि त्यांच्याभोवतीचे सगळे कायदे, व्यापार, तुरुंग आणि औषधं या थेंबातल्या रसायनांमुळे आहेत.

या रसायनांना कॅनाबिनॉइड म्हणतात. आजवर शंभराहून अधिक ओळखली गेली आहेत, पण नावं माहीत असतात ती दोनच. टीएचसी नशा आणतं. सीबीडी नशा आणत नाही, आणि लहान मुलांच्या दोन अतिशय हट्टी अपस्मारांवरचं औषध म्हणून त्याला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बाकीची, म्हणजे सीबीजी, सीबीसी, टीएचसीव्ही, सीबीडीव्ही वगैरे, बहुतेक वाणांमध्ये वाळलेल्या फुलाच्या एक टक्काही भरत नाहीत. अशा एखाद्या रेणूचे दहा ग्रॅम शुद्ध स्वरूपात हवे असतील तर किलोवारी फुलोरा पिळून काढावा लागतो, आणि मग त्या काढ्यातून जवळजवळ सारख्याच घडणीच्या डझनावारी रेणूंपासून हवा तो वेगळा करावा लागतो.

आता हेच रेणू पोलादी टाकीत, साखरेच्या पाण्यात, यीस्टकडून करून घेता येतात. ते यीस्ट म्हणजे पावाचं पीठ फुगवणारं, दारू आंबवणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्याच्या पेशीला भांगेच्या झाडाचा कधी स्पर्शही झालेला नाही. एका झाडाने फुलाच्या टोकावर सांभाळलेली कारागिरी दुसऱ्याच जिवाच्या पोटात उतरवायची, हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा एकेक टप्पा शोधण्यात शास्त्रज्ञांच्या काही पिढ्या गेल्या.

सुरुवात आपल्याकडच्या मालापासून झाली. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेला आयोग हिंदुस्थानभर फिरून भांग, गांजा, चरस यांची चौकशी करत होता. त्याच दशकात, १८९६ साली, केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या रसायनशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानी चरसाचं ऊर्ध्वपातन करून एक लाल तेल वेगळं केलं. त्यातून हाती आलेल्या द्रव्याला पुढे कॅनाबिनॉल हे नाव स्थिरावलं. हा हाती लागलेला पहिला कॅनाबिनॉइड. गंमत अशी की झाड तो स्वतः बनवतच नाही. टीएचसी हवेत आणि उजेडात पडून राहिलं की जुनं होता होता त्याचं कॅनाबिनॉल होतं. लांबून आलेल्या, साठवून ठेवलेल्या चरसात ते भरपूर असणार, म्हणून सगळ्यात आधी तेच सापडलं.

खऱ्या मानकऱ्यांची ओळख पटायला १९६० चं दशक उजाडलं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत राफाएल मेशुलाम यांनी पोलिसांनी जप्त केलेलं पाच किलो हशीश मिळवलं आणि ते पिशवीत घालून चक्क बसने प्रयोगशाळेत आणलं. बसमधले लोक हा कसला वास म्हणून विचारू लागले होते, ही आठवण ते पुढे कितीदा तरी सांगत. त्या मालातून १९६३ मध्ये सीबीडीची नेमकी रचना उलगडली. १९६४ मध्ये येहिएल गाओनी यांच्याबरोबर त्यांनी टीएचसी शुद्ध स्वरूपात मिळवलं, आणि त्याच वर्षी सीबीजीसुद्धा. टीएचसी आणि सीबीडी यांचं सूत्र अगदी एक आहे: कार्बनचे २१ अणू, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे दोन. एकात एक कडं मिटलेलं, दुसऱ्यात तेच उघडं. एवढ्याशा फरकाने एक माणसाला झिंगवतं आणि दुसरं झिंगवत नाही.

हे रेणू झाड कसे घडवतं, याचा हिशेब कार्बनचे अणू मोजत गेलं की फार सुंदर उलगडतो. सुरुवात होते सहा कार्बनच्या एका मेदाम्लापासून. त्याचं नाव हेक्झानोइक आम्ल, आणि त्याला बोकडाचा येतो तसा उग्र दर्प असतो. त्याला दोन-दोन कार्बनचे तुकडे तीनदा जोडले जातात. सहा आणि सहा बारा. ही बारा कार्बनची साखळी वळून तिचं एक कडं होतं, ते ऑलिव्हेटॉलिक आम्ल. कड्याबाहेर पाच कार्बनची एक शेपटी लोंबत राहते. दुसरीकडे झाड दहा कार्बनचा एक तुकडा बनवत असतं, जेरॅनिल पायरोफॉस्फेट. गुलाबाच्या आणि गवती चहाच्या सुवासिक तेलांची सुरुवातही याच तुकड्यापासून होते. बारा आणि दहा जोडले की झाले बावीस. हा बावीस कार्बनचा रेणू म्हणजे सीबीजीए. त्याच्यातून तीन वेगवेगळी एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली विकरं, हायड्रोजनचे फक्त दोन अणू काढून घेतात, पण काढताना प्रत्येकजण रेणू वेगळ्या तऱ्हेने मुडपतो. त्यातून टीएचसीए, सीबीडीए आणि सीबीसीए ही तीन आम्लं तयार होतात. ताज्या फुलात असतात ती ही आम्लंच. चिलीम पेटली किंवा फूल तापलं की आम्लातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू निसटतो, बावीसचे एकवीस कार्बन उरतात आणि टीएचसी तयार होतं.

हा नकाशा समोर ठेवला की ‘दुर्मीळ’ या एका विशेषणाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात येतं, आणि मला या विषयातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सीबीजी दुर्मीळ आहे, कारण ते कच्चा माल आहे. झाड त्याचं आम्ल भरपूर बनवतं आणि जवळजवळ सगळं पुढच्या रेणूंवर खर्च करतं. कॅनाबिनॉल दुर्मीळ आहे, कारण ते ताज्या झाडात नसतंच, ते जुनं होण्यातून येतं. आणि टीएचसीव्ही, सीबीडीव्ही दुर्मीळ आहेत, कारण त्यांची सुरुवातच वेगळ्या आम्लापासून होते. सहा कार्बनऐवजी चार कार्बनचं ब्युटिरिक आम्ल वापरलं गेलं, म्हणजे खवट लोण्याला ज्याचा वास येतो ते, तर शेवटी रेणूला पाचऐवजी तीन कार्बनची शेपटी येते. बहुतेक वाणांना ही सवय नाही. यीस्टच्या टाकीची खरी किंमत ठरवताना या तिघांना एकाच मापाने मोजून चालत नाही.

झाडाची कृती कागदावर आली, तरी ती पार पाडणारी एन्झाइम हातात यायला हवीत. जपानच्या क्यूशू विद्यापीठात टीएचसीए बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक २००४ मध्ये हाती आलं, सीबीडीएचं २००७ मध्ये. ही झाली शेवटची पायरी. तिच्या आधीच्या पायऱ्यांनी जास्त दमवलं. बारा कार्बनची साखळी जोडणारं एन्झाइम २००९ मध्ये सापडलं खरं, पण परीक्षानळीत ते ऑलिव्हेटॉलिक आम्ल देईना. साखळी वळायची, पण आम्लाचा गट गळून जाऊन नुसतं ऑलिव्हेटॉल पडायचं, आणि पुढच्या कामाला ते निरुपयोगी. झाडात तर आम्ल होत होतं. म्हणजे कोणीतरी जोडीदार होता आणि तो दिसत नव्हता. कॅनडातल्या जोनाथन पेज यांच्या गटाने फुलावरच्या त्या गोळ्यांमध्ये कोणकोणती जनुकं जागी आहेत याची यादी चाळली, आणि २०१२ मध्ये त्यातून एक छोटंसं प्रथिन उचललं. ते पहिल्या एन्झाइमबरोबर नळीत टाकताच आम्ल तयार झालं. साखळी नीट वळवणं एवढंच त्या प्रथिनाचं काम आहे, पण ते नसेल तर पुढचं सगळं अडतं.

आता गोष्ट येते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत, जे कीझलिंग यांच्या प्रयोगशाळेत. कीझलिंग या क्षेत्रातलं फार मोठं नाव आहे. हिवतापावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचा कच्चा माल त्यांच्या गटाने २००६ मध्ये यीस्टकडून बनवून घेतला होता. कॅनाबिनॉइडच्या कामात त्यांच्यापुढे पहिली अडचण होती कच्च्या मालाचीच. सहा कार्बनचा तुकडा यीस्ट स्वतःहून फारच थोडा बनवतं. मग वेगवेगळ्या जिवाणूंमधून जनुकं आणून तो साखरेपासून घडवण्याची सोय केली.

दुसरी अडचण त्या दहा कार्बनच्या तुकड्याची. यीस्ट तो बनवतं, पण तिथे थांबत नाही. पुढे आणखी पाच कार्बन जोडून त्याला आपल्या पेशीच्या आवरणासाठी लागणारं अर्गोस्टेरॉल करायचं असतं. दहा कार्बनचा तुकडा तयार झाला रे झाला की तो पुढे ओढला जातो. आपल्याकडे कालव्याच्या मुखाशी असलेल्या शेतांनी सगळं पाणी उचललं की टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत थेंब येत नाही, तसंच हे. दारं पूर्ण बंद करावीत तर यीस्ट मरेल, उघडी ठेवावीत तर कॅनाबिनॉइडला काही उरणार नाही. बर्कलीच्या गटाने हे पाच कार्बन जोडणाऱ्या एन्झाइमची दोन अमिनो आम्लांचे दाणे बदललेली आवृत्ती वापरली. ती दहा कार्बनवर बऱ्याचदा थांबते, थोडंफार पुढे जाऊ देते. यीस्ट जगतं आणि चारीत पाणी येतं.

तिसरी अडचण बारा आणि दहा जोडण्याची. हे काम करणारं एक एन्झाइम आधी सापडलेलं होतं, त्याचं पेटंटही झालं होतं, पण यीस्टमध्ये ते काम करेना. पुन्हा भांगेच्या जनुकांची यादी उघडली, जवळपासची नावं एकेक करून यीस्टमध्ये घालून पाहिली आणि त्यातलं एक चाललं. झाडात ते एन्झाइम हरितलवकाच्या जातकुळीतल्या एका कप्प्यात राहतं आणि त्याच्या टोकाला त्या कप्प्याचा पत्ता लिहिलेला असतो. यीस्टमध्ये असा कप्पाच नाही. म्हणून तो पत्ता छाटून टाकला.

चौथी अडचण मला सगळ्यात विलक्षण वाटते. टीएचसीए आणि सीबीडीए बनवणारी एन्झाइम झाडाच्या पेशीत आपलं काम करतच नाहीत. ती पेशीबाहेर, त्या पापुद्र्याखालच्या पोकळीत सोडलेली असतात. कारण ही क्रिया होताना प्रत्येक रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू तयार होतो, आणि तयार झालेली कॅनाबिनॉइड आम्लंही झाडाच्या स्वतःच्या पेशींना मारून टाकतात. झाड आपलंच रसायन आपल्यापासून अंगुळभर दूर ठेवतं. म्हणजे फुलाच्या टोकावरचा तो गोळा ही नुसती साठवणीची जागा नव्हे, विषारी काम शरीराबाहेर करण्याची जागा आहे. मेदाम्लाची साखळी पेशीच्या रसात, दहा कार्बनचा तुकडा वेगळ्या कप्प्यात, शेवटचं काम बाहेर: झाडाने एकेक काम वेगळ्या खोलीत ठेवलं आहे. यीस्टजवळ इतक्या खोल्या नाहीत. शेवटची एन्झाइम त्याच्या पोटातल्या रिक्तिकेकडे, म्हणजे पेशीतल्या पिशवीसारख्या कप्प्याकडे, पाठवावी लागली. त्या एन्झाइमांना काम करायला जी आम्लता लागते ती तिथे थोडीफार मिळते.

या सगळ्यातून गेलेलं यीस्ट गॅलॅक्टोज या साखरेवर वाढवलं. दुधातल्या साखरेचा अर्धा भाग असतो तेच गॅलॅक्टोज. इथे ते खाद्यही होतं आणि बटणही. नवी जनुकं अशा कळीला जोडली होती की गॅलॅक्टोज मिळालं की ती जागी व्हावीत. आणि ती झाली. शाओझोऊ लुओ आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला तेव्हा साध्या साखरेपासून टीएचसीए, सीबीडीए आणि त्यांच्या तीन कार्बन शेपटीच्या भावंडांपर्यंत सगळा रस्ता एकाच पेशीत पार झाल्याचं जगाने पाहिलं.

किती मिळालं? दर लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम टीएचसीए. या आकड्याकडे नीट बघू या. आजच्या तेज वाणांच्या वाळलेल्या फुलात टीएचसी वीस टक्क्यांच्या घरात असतं. म्हणजे एका किलोत दोनशे ग्रॅम. तेवढंच यीस्टकडून काढायचं तर आठ मिलिग्रॅमच्या हिशेबाने पंचवीस हजार लिटरची टाकी लागेल. अर्थात पहिल्या निबंधातला आकडा हा शेवटचा नसतो. आर्टेमिसिनिनच्या कच्च्या मालाचं काम २००६ मध्ये लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास होतं आणि २०१३ मध्ये पंचवीस ग्रॅमवर पोचलं. पण आता हेच गणित दुर्मीळ रेणूसाठी मांडू या. एखादा कॅनाबिनॉइड फुलात एक दशांश टक्का असेल, तर एक किलो फुलातून एक ग्रॅम, तोही काहीच वाया न जाता. तितकाच रेणू यीस्टने आठ मिलिग्रॅमच्या दराने दिला तरी सव्वाशे लिटर पुरतील. शिवाय झाडातल्या शंभर भावंडांपासून तो सोडवायचा त्रास नाही. टाकीत तेवढी गर्दीच नसते. टीएचसीच्या बाबतीत शेत इतकं पुढे आहे की टाकीने तिथे धावूच नये. दुर्मीळ रेणूंच्या बाबतीत पारडं पहिल्याच दिवशी टाकीकडे झुकतं.

रसायनशाळेत हे रेणू कृत्रिमरीत्याही बनतात, पण तिथे एक पेच आहे. यातल्या अनेक रेणूंना उजवं-डावं असतं. सूत्र तेच, पण आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी घडण. शरीरावर दोघांचा परिणाम सारखा नसतो. एन्झाइम सहसा एकच बाजू बनवतं. यीस्टकडून मिळतो तो रेणू घडणीने फुलातल्यासारखाच असतो.

त्या निबंधाच्या शेवटी एक भाग आहे, आणि बातम्यांमध्ये त्याला फारशी जागा मिळाली नाही. गटाने यीस्टला वेगवेगळी मेदाम्लं खाऊ घालून पाहिली: पाच कार्बनचं, सात कार्बनचं, फांदी फुटलेलं, टोकाला दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेलं. एन्झाइमांनी त्यातली बरीच स्वीकारली आणि निसर्गात न आढळणाऱ्या शेपट्यांचे कॅनाबिनॉइड तयार केले. तिहेरी बंधाची शेपटी असली की त्या टोकाला पुढे रसायनशाळेत हवा तो तुकडा अडकवता येतो. शेपटीला एवढं महत्त्व का, याचं उत्तर आपल्या मेंदूत आहे. टीएचसी ज्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन बिलगतं, त्या सीबी-१ ग्राहीच्या एका खोबणीत ही शेपटी बसते. पाच कार्बनची शेपटी असेल तर ग्राही जागा होतो. तीन कार्बनचं टीएचसीव्ही कमी मात्रेत उलट त्या ग्राहीची वाट अडवतं. आणि २०१९ च्याच डिसेंबरमध्ये इटलीतल्या संशोधकांना औषधी वाणाच्या एका फुलात सात कार्बन शेपटीचं टीएचसीपी सापडलं. प्रयोगशाळेतल्या चाचणीत ते सीबी-१ ग्राहीला टीएचसीच्या सुमारे ३३ पट घट्ट बिलगलं. एकाच सांगाड्याची शेपटी दोन-दोन कार्बननी लांबवली आणि अडवणारा, जागवणारा, घट्ट धरून बसणारा असे तीन वेगळे स्वभाव निघाले. झाडाने यातले मोजकेच पर्याय वापरले. यीस्टला खाद्य बदलून दिलं की बाकीचे तपासता येतात.

बाजाराने मात्र घाई केली. सप्टेंबर २०१८ मध्ये, नेचरमधल्या निबंधाच्याही आधी, कॅनडातल्या क्रोनोस कंपनीने बॉस्टनच्या जिंको बायोवर्क्सशी करार केला: आठ कॅनाबिनॉइड, किलोला हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात. विनिपेगमध्ये किण्वनाचा कारखाना घेतला. २०२१ मध्ये यीस्टकडून बनवलेलं सीबीजी घातलेल्या गोळ्या कॅनडाच्या दुकानांत आल्या. २०२३ मध्ये त्याच कारखान्यातलं काम गुंडाळायची घोषणा झाली. सीबीजीच्या बाजारात उतरलेली, आर्टेमिसिनिनच्या कामातून पुढे आलेली अॅमायरिस कंपनीही त्याच वर्षी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. तिची कारणं पुष्कळ होती आणि ती सगळी कॅनाबिनॉइडची नव्हती. पण सीबीजीपासून सुरुवात करण्यातच निवडीची चूक होती, असं माझं मत आहे. सीबीजी कच्चा माल असल्यामुळे दुर्मीळ आहे हे वर आलंच. म्हणजे झाडातली पुढची एन्झाइम बिघडली की ते आपोआप साठतं. अशी सीबीजीप्रधान झाडं १९८७ मध्येच नोंदवली गेली होती आणि पैदासकारांनी ती हाताशी धरली. ज्या रेणूसाठी झाडाला फक्त थांबवायचं आहे, तिथे शेतकरी टाकीच्या पुढे जातोच. ज्यासाठी झाडाला नवी सवय लावायची आहे किंवा जे झाडाने कधी केलंच नाही, तिथे टाकीला स्पर्धक नाही.

शेताचा विचार करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. अमेरिकेत बराच गांजा बंदिस्त इमारतींत, दिव्यांच्या प्रकाशात आणि वातानुकूलित हवेत पिकवला जातो. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये केलेल्या मोजणीत अशा एक किलो वाळलेल्या फुलामागे, ठिकाणाप्रमाणे, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन निघालं. उन्हात पिकणाऱ्या झाडाला हा भार नाही. दिव्यांखाली वाढवलेल्या झाडाच्या दोन-चार मिलिग्रॅमसाठी तो सोसणं मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.

यीस्टला परक्या जिवाचं काम शिकवणं आपल्याला अपरिचित नाही. जनुकबदल करून बनवलेली माणसासाठीची पहिली लस, हिपॅटायटिस-बीची, १९८६ मध्ये अमेरिकेत यीस्टकडूनच आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हिपॅटायटिस-बी लस दुसऱ्या एका यीस्टमध्ये बनते. बंगळुरूच्या बायोकॉनचं इन्सुलिनही यीस्टमध्येच बनतं. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. साखर, किण्वनाची जाण आणि माणसं, तिन्ही इथे आहेत. फरक एवढाच की लस किंवा इन्सुलिन म्हणजे एक प्रथिन, एका जनुकाचं काम. कॅनाबिनॉइडसाठी पाठोपाठ चालणारी जनुकांची अख्खी रांग लागते.

आपला कायदा या कामाकडे अजून झाडाच्या नजरेने बघतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्यावरून केली आहे. बिया आणि शेंड्याविना आलेली पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग सुटते. टीएचसी मात्र मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत रेणू म्हणून नोंदलेलं आहे. ते यीस्टने बनवलं म्हणून कायद्यातून सुटत नाही. नशा न आणणाऱ्या दुर्मीळ रेणूंवर संशोधन करू पाहणाऱ्या भारतीय प्रयोगशाळांना, झाड न लावता, परवान्याच्या चौकटीत काम करायची स्पष्ट वाट सरकारने आखून द्यावी. हे रेणू औषधी आहेत की नाहीत हे तपासायचं तर आधी ते शुद्ध आणि पुरेसे हातात हवेत, आणि आजवर नेमकं तेच नव्हतं.

कारण माहिती अजून फार तुटपुंजी आहे. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात २०२० मध्ये सीबीजीने औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंवर काम केलं, पण उंदरांमध्ये. टीएचसीव्हीची मधुमेहाच्या रुग्णांवर २०१६ मध्ये चाचणी झाली, ती अगदी छोटी. यातून आशा वाटते, उपचार ठरत नाही. तेव्हा झोप, सांधेदुखी किंवा साखर यांसाठी कोणी या नावांचे थेंब विकायला आला, तर शुद्धतेचा तपासणी अहवाल आणि माणसांवरच्या चाचणीचा पुरावा दोन्ही मागा, आणि ते तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.